बोलल्यानं मन हलकं होतं: एका उपचाराची गोष्ट

हातातलं काम चालू राहू द्या. धान्य निवडत असाल तर निवडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. फक्त कान इकडे द्या.

आज एक प्रश्न विचारून सुरुवात करते. दिवसभरात तुम्हाला सगळ्यात जास्त कोण बोलतं? सासूबाई? घरधनी? शेजारीण? जरा आठवून बघा. दूध उतू गेलं की मनात काय उमटतं? "मला मेलीला एक काम धड जमत नाही." पोरगं नापास झालं की? "माझंच चुकलं, मीच लक्ष दिलं नाही." बँकेत साहेबानं तोच प्रश्न दोनदा विचारला की? "आपण अडाणी, आपल्याला काय कळतंय." हे दुसरं कुणी बोलत नसतं. आपणच आपल्याला बोलत असतो, आणि इतकं बोलतो की ते बोलणं ऐकू येणंही बंद होतं. तेच दूध शेजारणीच्या हातून उतू गेलं तर आपण म्हणतो, "जाऊ दे गं, होतं असं." तिला एक माप आणि स्वतःला दुसरं.

हा आतला आवाज येतो कुठून, आणि तो बदलता येतो का? या प्रश्नाच्या मागं माणसं जवळजवळ दीडशे वर्षं लागली आहेत. त्यातून एक उपचार तयार झाला. त्यात सुई नाही, सलाईन नाही. शहरात त्याला थेरपी म्हणतात, आपल्याकडे दवाखान्यात समुपदेशन म्हणतात. बोलून आणि ऐकून करायचा हा उपचार. त्याचा इतिहास मी आज सांगणार आहे. त्याची सुरुवात एका आजारी मुलीपासून झाली आणि फिरत फिरत तो साध्यासुध्या आज्यांच्या हातात आला. कसा, ते ऐका.

साल होतं १८८०. युरोपात ऑस्ट्रिया-हंगेरी नावाचं मोठं साम्राज्य होतं आणि व्हिएन्ना ही त्याची राजधानी. तिथं एका श्रीमंत ज्यू घरात बर्था पापेनहाइम नावाची एकवीस वर्षांची मुलगी राहत होती. बुद्धीनं तल्लख, तीन-चार भाषा येणारी. पण तिची शाळा सोळाव्या वर्षी सुटली. पाठच्या भावाचं शिक्षण मात्र चालू राहिलं. ही गोष्ट आपल्याला काही नवी नाही. त्यातच वडील अंथरुणाला खिळले. त्यांच्या उशाशी रात्र रात्र जागण्याचं काम बर्थाकडे आलं.

काही महिन्यांत तिचं स्वतःचं शरीर तक्रार करू लागलं. आधी खोकला लागला. मग उजवा हात लुळा पडला. काही काळ तर ती आपली मातृभाषा जर्मन बोलूच शकेना, फक्त इंग्रजी बोलायची. तहान लागलेली असायची, पण पाण्याचा पेला ओठाला लावला की पाणी घशाखाली उतरत नसे. आपल्याकडे असं झालं असतं तर म्हणाले असते, बाहेरचं लागलंय, देवऋषाकडे न्या. तिथले शिकलेले लोक याला 'हिस्टेरिया' म्हणत आणि बरेचदा मनात समजत, की बाई नाटक करते आहे.

योसेफ ब्रॉयर नावाचे डॉक्टर तिच्याकडे येऊ लागले. त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. ते तिच्याजवळ बसले आणि ती जे बोलेल ते ऐकत राहिले. दिवसांमागून दिवस आणि महिन्यांमागून महिने. मनात साठलेलं बाहेर पडलं की तिला काही काळ बरं वाटायचं. या प्रकाराला नाव डॉक्टरांनी दिलं नाही, बर्थानंच दिलं. ती त्याला 'बोलण्याचा उपचार' म्हणायची. आणि गमतीनं आणखी एक नाव ठेवलं होतं, 'धुराडं साफ करणं'. चूल पेटवणाऱ्या बाईला हे नाव समजावून सांगायला नको. धुराडं काजळीनं भरलं की धूर घरातच कोंडतो.

पुढं १८९५ साली ब्रॉयर आणि त्यांचे तरुण सहकारी सिग्मंड फ्रॉइड यांनी मिळून एक पुस्तक काढलं. त्यात बर्थाची हकीकत 'अ‍ॅना ओ.' या खोट्या नावानं छापली. मनाच्या उपचाराचा इतिहास सांगताना जगभर आजही या अ‍ॅना ओ.पासून सुरुवात करतात.

पण पुस्तकात ही गोष्ट जितकी छान संपते, तितकी ती प्रत्यक्षात संपली नव्हती. ब्रॉयरांचा उपचार १८८२ साली थांबला, तेव्हा बर्था बरी झालेली नव्हती. पुढची काही वर्षं ती पुन्हा पुन्हा रुग्णालयात जात राहिली. हे मी मुद्दाम सांगते आहे. चार दिवस बरं वाटून पाचव्या दिवशी पुन्हा अंधारून आलं, की आपल्याला वाटतं, आपल्यातच खोट आहे. तसं नसतं. मनाचं बरं होणं घाटातल्या रस्त्यासारखं असतं. वळणं घेत, कधी मागं गेल्यासारखं वाटत, पण वरच जात.

१८८८ साली बर्था आईबरोबर जर्मनीत फ्रँकफर्टला राहायला गेली. तिथं ती अनाथ मुलींसाठी काम करू लागली आणि पुढं एका अनाथाश्रमाची प्रमुख झाली. १९०४ साली तिनं जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. १९०७ साली लग्नाआधी आई झालेल्या आणि फसवल्या गेलेल्या मुलींसाठी आश्रयघर काढलं. ज्यांना समाज 'वाया गेलेल्या' म्हणत होता, त्यांना तिनं छप्पर दिलं. १९५४ साली पश्चिम जर्मनीनं तिच्या चित्राचं टपाल तिकीट काढलं. डॉक्टरांच्या पुस्तकातली ती असहाय मुलगी आणि ही तिकिटावरची कर्ती बाई एकच आहे, हे लोकांना फार उशिरा कळलं.

आता पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. फ्रॉइड यांच्या पद्धतीत डॉक्टर शहाणा आणि रुग्ण अजाण असं नातं होतं. रुग्णानं बोलायचं आणि त्याचा अर्थ डॉक्टरांनी सांगायचा. कार्ल रॉजर्स नावाच्या मानसशास्त्रज्ञांना हे पटेना. १९४२ साली त्यांनी पुस्तक लिहून वेगळी वाट मांडली. समोरच्या माणसाला 'रुग्ण' म्हणायचंसुद्धा त्यांनी सोडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. ऐकणाऱ्यानं निवाडा करायचा नाही, लगेच सल्ला द्यायचा नाही. समोरचं माणूस जसं आहे तसं मनापासून स्वीकारायचं. असा स्वीकार मिळाला की ते माणूस स्वतःही स्वतःला स्वीकारायला लागतं आणि आपली वाट आपण शोधतं.

तुम्ही म्हणाल, ऐकायला घरात माणसं काय कमी आहेत? आहेत की. पण आपण दोन वाक्यं बोललो की तिसऱ्या वाक्याला काय ऐकू येतं? "अगं, एवढं काय त्यात?" "तुझंच चुकलं." "माझं ऐकशील तर सांगते, मी तर याहून सोसलंय." त्यात वाईट हेतू नसतो. पण बोलणारीचं बोलणं तिथंच आटतं. आपलं बोलणं कुणी न तोडता शेवटपर्यंत ऐकलं, असं शेवटचं कधी झालं होतं ते आठवून बघा. कितीतरी जणींना आठवायलाच वेळ लागेल.

तिसरं पाऊलही अमेरिकेतलंच, फिलाडेल्फिया शहरातलं. आरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ १९६० च्या आसपास उदासीच्या आजाराचा, म्हणजे डिप्रेशनचा, अभ्यास करत होते. त्यांच्या ध्यानात आलं, की या माणसांच्या डोक्यात सारखे छोटे छोटे विचार आपोआप उगवत असतात. 'मी नालायक आहे.' 'जग माझ्या विरुद्ध आहे.' 'पुढं काही चांगलं होणार नाही.' विचार इतके सवयीचे होतात, की माणूस ते तपासून बघतच नाही, सरळ खरं मानतो. बेक यांनी लोकांना हे विचार पकडायला आणि तपासायला शिकवलं. त्यासाठी वर्षानुवर्षं बोलत बसावं लागत नाही, ठरावीक भेटींत हे शिकता येतं, हेही त्यांनी दाखवलं.

हे कसं चालतं, ते आपल्याच गटातलं उदाहरण घेऊन बघू. समजा, बचत गटाच्या बैठकीत हिशेब वाचताना सचिवताईंचा एक आकडा चुकला. कुणीतरी हसलं. ताईंच्या मनात आलं, 'मी बिनकामाची.' छातीत धडधड. रात्री झोप नाही. पुढच्या महिन्यात, "मला बरं नाही, दुसरीला सचिव करा." झालं, एका आकड्यापायी पद गेलं.

आता समुपदेशन करणारी बाई असती तर तिनं विचारलं असतं, "ताई, नेमकं काय घडलं?" एक आकडा चुकला. "याआधी वही किती दिवस बरोबर लिहिलीत?" दोन वर्षं. "चूक दुरुस्त झाली का?" लगेच झाली. "मग बिनकामाची हा शब्द कुठून आला? हा शब्द तुम्हाला आधी कोण म्हणायचं?" इथं ताई गप्प होतात. आणि मग बऱ्याच वेळानं आठवतं. शाळेत फळ्यापुढं उभं करून कुणी म्हणालेलं असतं. नव्या नवरीच्या हातचा स्वयंपाक करपला तेव्हा कुणी म्हणालेलं असतं. म्हणणारं माणूस कदाचित आज हयातही नसतं. पण त्याचं वाक्य आपण इतकी वर्षं आपल्याच आवाजात म्हणत राहिलेलो असतो.

मैत्रिणींनो, या उपचाराचा गाभा मला इथं दिसतो. तो आवाज आपण जन्माला येताना आणलेला नाही. तो शिकलेला आहे. जे शिकलं, ते बदलून दुसरं शिकता येतं.

पण मग दुसरं काय शिकायचं? स्वतःचं कौतुक करायचं? आरशापुढं उभं राहून 'मी फार हुशार' म्हणायचं? अमेरिकेत हाही प्रयोग झाला. १९८६ साली कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारनं आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक समिती नेमली. शाळाशाळांतून मुलांचं कौतुक करण्याची लाट आली. पुढं संशोधकांनी तपासलं, तेव्हा दिसलं की नुसत्या कौतुकानं मुलांचा अभ्यास काही सुधारत नाही. आणि 'मी इतरांपेक्षा भारी' या पायावर उभा असलेला आत्मसन्मान पहिल्या अपयशाला कोसळतो. पीक चांगलं आलं तर मान ताठ, पीक गेलं तर मान खाली. असा मान आपला नसतोच. तो उसना असतो.

२००३ साली क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकी बाईंनी यावर वेगळा विचार मांडला. त्या टेक्सासच्या विद्यापीठात शिकवत होत्या. त्यांनी म्हटलं, आत्मसन्मानाच्या जोडीला स्वतःवर माया हवी. इंग्रजीतला त्यांचा शब्द जरा जड आहे, आपण 'स्वतःवर माया' म्हणू. त्यात तीन गोष्टी येतात. एक, चूक झाली की स्वतःशी मैत्रिणीशी बोलतो तसं बोलणं. दोन, हे दुःख, ही चूक माझ्या एकटीची नाही, माणूस म्हटलं की हे सगळ्यांना आहे, याची आठवण ठेवणं. आणि तीन, दुखतंय ते दडपायचं नाही, वाढवूनही सांगायचं नाही, 'आत्ता मला दुखतंय' एवढं ओळखायचं.

नेफबाईंनी सांगितलं आहे, की ही दिशा त्यांना बौद्ध शिकवणीतून मिळाली. मैत्री आणि करुणा हे शब्द आपल्या गावच्या विहारात आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो. करुणा सगळ्या जीवांवर करायची असते. मग त्या सगळ्या जीवांत मी एकटीच का नाही? आपण बायका इतरांवर माया करायला लहानपणापासून शिकतो. त्या यादीत स्वतःचं नाव लिहायचं मात्र राहून जातं.

स्वतःवर माया म्हणजे लाड नव्हेत आणि आळसही नव्हे. हिशेब चुकला तर तो दुरुस्त करायचाच. पण स्वतःला शिव्या घालत दुरुस्त केला, तर पुढच्या वेळी हात थरथरतो. मायेनं दुरुस्त केला, तर हात शिकतो. पोरांना शिकवताना आपल्याला हे चांगलं कळतं.

इथपर्यंत गोष्ट चांगली चालली होती. पण एक मोठा प्रश्न शिल्लक होता. हे सगळं मिळत होतं कुणाला? मोठ्या शहरात राहणाऱ्यांना, फी भरू शकणाऱ्यांना. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईनं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर युरोप-अमेरिकेतून आलं नाही. ते आफ्रिकेतून आलं, झिंबाब्वे नावाच्या गरीब देशातून.

झिंबाब्वेत २००५ साली सरकारनं शहरांमधल्या झोपड्या आणि टपऱ्या पाडण्याची मोहीम काढली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. एड्सनं आधीच घराघरांत माणसं गेलेली. आणि दीड कोटींच्या आसपास वस्तीच्या त्या देशात मनोविकाराचे डॉक्टर दोन हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्यांतले एक डिक्सन चिबांडा. त्यांच्याकडे एक तरुण मुलगी उपचाराला यायची. तिला पुन्हा दाखवायला आणायचं होतं, पण घरच्यांकडे राजधानी हरारेपर्यंत यायला बसभाड्याचे पैसे नव्हते. त्या मुलीनं आत्महत्या केली.

चिबांडांच्या मनाला ते फार लागलं. त्यांच्या लक्षात आलं, की दवाखाना चांगला असून उपयोग नाही, तो माणसाच्या दारापर्यंत गेला पाहिजे. पण नेणार कोण? मदतीला डॉक्टर नव्हते, नर्सना वेळ नव्हता, दवाखान्यात खोली रिकामी नव्हती. हरारेच्या एम्बारे वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या चौदा आज्या तेवढ्या होत्या. आपल्या आशाताईंसारखं काम, फक्त वयानं मोठ्या. या आज्यांना हे जमेल का, अशी शंका सुरुवातीला खुद्द डॉक्टरांनाही होती. २००६ साली काम सुरू झालं. खोली नव्हती म्हणून दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवला.

डॉक्टरांनी त्याला आधी 'मानसिक आरोग्याचा बाक' असं नाव दिलं. त्यावर कुणी येईना. कोण येईल? चारचौघांत त्या बाकावर बसलं की वेडी ठरणार. आज्या म्हणाल्या, नाव बदला, मैत्रीचा बाक म्हणा. नाव बदललं आणि बायका येऊन बसायला लागल्या. आज्यांनी डॉक्टरांचे शब्दही बदलले. 'डिप्रेशन' म्हटलं तर लोकांना काही कळत नसे. त्यांच्या शोना भाषेत एक शब्द आहे, 'कुफुंगिसिसा'. त्याचा अर्थ, फार विचार करणं. आपल्याकडची बाई म्हणते ना, "विचार करून करून डोकं फुटायची वेळ आलीय"? तेच. सात समुद्रांपलीकडं त्याच दुखण्याला तसंच नाव आहे.

बाकावर नेमकं काय होतं, तेही सांगते. पहिल्या भेटीत आजी ऐकते. त्याला त्या म्हणतात 'मनाचं दार उघडणं'. बाई आपल्या सगळ्या अडचणी सांगते. कर्ज आहे, नवरा मारतो, पोर आजारी आहे, घरभाडं थकलंय. मग आजी म्हणते, यातली एक निवड. सगळ्या एकदम नाही, एकच. ती कशी सोडवायची, हे आजी सांगत नाही. ती विचारते, तुला काय करता येईल? बाई स्वतः दोन-तीन वाटा शोधते, त्यातली एक ठरवते आणि पुढच्या आठवड्यापर्यंत ते एवढंसं पाऊल टाकून येते. अशा सहा भेटी होतात.

आता बघा, यात आत्मसन्मान कुठून येतो. आजी एकदाही म्हणत नाही, 'तू फार गुणाची.' बाईनं स्वतः ठरवलेलं काम स्वतः केलेलं असतं, आणि ते तिला दिसतं. घरमालकाशी बोलायला घाबरणारी बाई बोलून आलेली असते. तिच्या आतल्या आवाजाला त्या दिवशी गप्प बसावं लागतं. असा मिळालेला मान उसना नसतो.

भेटी संपल्या की या बायकांचा गट जमतो. गटात त्या बोलता बोलता वापरलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या विणून पिशव्या करतात आणि विकतात. हे ऐकून तुम्हाला आपलाच गट आठवला असेल.

या आज्यांचं काम खरंच गुण देतं का, याची कसून तपासणी झाली. हरारेच्या २४ दवाखान्यांतल्या ५७३ लोकांवर अभ्यास केला गेला. त्यात बहुतेक बायका होत्या. निम्म्या दवाखान्यांत नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, निम्म्यांत मैत्रीचा बाक. सहा महिन्यांनी बघितलं, तर नेहमीच्या उपचारवाल्यांत शंभरातल्या सुमारे ५० जणांना उदासीची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांत ती सुमारे १४ जणांनाच होती. २०१६ साली हे निष्कर्ष अमेरिकेच्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढं मलावी, झांझिबार आणि थेट न्यूयॉर्कनं असे बाक मांडले. ज्या अमेरिकेतून थेरपीचं शास्त्र आफ्रिकेत गेलं, त्या अमेरिकेनं आज्यांचा बाक उचलला.

आणि असाच प्रयत्न आपल्या शेजारीही चालला होता, बरं का. मुंबईत जन्मलेले डॉक्टर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था काढली. संगाथ म्हणजे सोबत. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी शिकवलं, देखरेखीखाली सराव करून घेतला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. ही माणसं घरीही जात. त्यांची रीत साधी होती. उदास माणूस म्हणतं, बरं वाटलं की उठेन. हे म्हणत, आधी थोडंसं उठा, मग बरं वाटेल. कधीकाळी आवडणारी एखादी छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायची. अंगणात दोन झाडं लावायची, बहिणीला फोन करायचा. गोव्यातल्या १० आरोग्य केंद्रांतल्या ४९५ लोकांवर याचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनी, हे समुपदेशन मिळालेल्यांतले शंभरातले ६४ जण उदासीतून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत ३९. हे २०१७ साली छापून आलं.

आपल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी उदासीनं ग्रासलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण कुणाची मदत घेत होते. कार्यक्रमानंतर हा आकडा २७ वर गेला. दुखणं तेच, गावं तीच. फक्त बोलायला आपलं माणूस मिळालं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. थेरपीनं पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही. नवरा मारत असेल, तर ते दुखणं तुमच्या मनातलं नाही, ते त्याचं कृत्य आहे. त्यासाठी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आणि गटानं पाठीशी उभं राहायचं आहे. 'तू विचार बदल म्हणजे सगळं ठीक होईल,' असं मार खाणाऱ्या बाईला सांगणं हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल. स्वतःवर माया असली, की बाईला एवढं मात्र कळायला लागतं, की हे मी सोसावं इतकी मी स्वस्त नाही.

दुसरं, काही दुखण्यांना औषधं लागतात. कानात आवाज येत असतील, दिवसेंदिवस झोप नसेल, अन्न जात नसेल, तर डॉक्टर हवेतच. बाळंतपणानंतर आईचं मन काळवंडून गेलं असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तरीही डॉक्टर हवेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो, तिथं जायला लाजू नका. आणि जगण्याचाच कंटाळा आला असेल, जीव द्यावा असं मनात येत असेल, तर एक नंबर लिहून घ्या: १४४१६. हा सरकारचा 'टेली मानस' नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. एक चार चार एक सहा. कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. आपल्याला लागला नाही तरी कुणाला तरी लागेल.

आपला गट काही दवाखाना नाही, आणि आपण कुणी डॉक्टर नाही. एम्बारेच्या आज्याही डॉक्टर नव्हत्या, पण त्यांना रीतसर शिकवलेलं होतं, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं दुखणं दिसलं की त्या बाईला पुढं पाठवत. त्यांच्याकडून आपण निदान ऐकणं शिकू शकतो. गटाची बैठक संपल्यावर कुणी मागं रेंगाळली, तर तिच्याजवळ बसा. ती बोलेल ते तोडू नका. "तुझंच चुकलं" हे वाक्य ओठावर आलं तर गिळा. आणि ऐकलेलं त्या उंबऱ्याबाहेर नेऊ नका. पाणवठ्यावर एकदा का ते पोचलं, की ती बाई पुन्हा कधी बोलणार नाही.

आणि आज रात्री अंग टाकलं की दिवसभरात स्वतःला काय काय बोललात, ते एकदा आठवून बघा. त्यातलं एखादं वाक्य आपल्या लेकीला म्हणवेल का, एवढं स्वतःला विचारा. म्हणवणार नसेल, तर तेच वाक्य बदलून, लेकीला म्हणाल तसं, स्वतःला म्हणून बघा. पहिल्यांदा जड जाईल, हसूही येईल. बर्था पापेनहाइमला धुराडं साफ करायला कितीतरी वर्षं लागली होती. आपणही घाई करायची नाही.

बरं तर मैत्रिणींनो, भाकरी करपायच्या आत तुम्हाला मोकळं करते. स्वतःला सांभाळा. नमस्कार.